वाचकांचे प्रश्न: ट्रॅकवरची गाडी आणि हातातले घड्याळ

मागील अंकात आम्ही हौशी वाहनचालकांच्या ‘ट्रॅक डे’विषयी लिहिले होते. स्वतःची रोजची गाडी घेऊन बंदिस्त रेसिंग ट्रॅकवर जायचे, शुल्क भरायचे आणि ठरवून दिलेल्या पंधरा-वीस मिनिटांच्या सत्रांत ती मनसोक्त चालवायची, असा हा दिवस असतो. त्यात शर्यत नसते आणि क्रमांकही लागत नाही. तरीही प्रत्येकाचे लक्ष अखेरीस घड्याळाकडे जातेच. त्या लेखावर मुंबई आणि परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न: माझ्याकडे टर्बो पेट्रोल इंजिनाची हॅचबॅक आहे. कोइंबतूरच्या करी ट्रॅकवर मी तीन वेळा जाऊन आलो. दुसऱ्या खेपेस माझा लॅप टाइम (ट्रॅकच्या एका फेरीला लागणारी वेळ) चार सेकंदांनी सुधारला, पण त्यानंतर तो जागचा हललेला नाही. मित्र इंजिनाचे रीमॅपिंग (ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकाची मांडणी बदलणे) आणि मोठा एक्झॉस्ट बसवण्याचा सल्ला देतात. खर्च सत्तर-ऐंशी हजारांच्या घरात जाईल. करावा का? (एक वाचक, मुलुंड)

सध्या करू नये. आधी एक वही काढावी आणि मागच्या खेपेच्या एखाद्या सत्रातील सगळ्या लॅपच्या वेळा तिच्यात लिहाव्यात. पहिली व शेवटची लॅप आणि ज्या लॅपमध्ये समोर दुसरी गाडी आडवी आली त्या लॅप वगळाव्यात. उरलेल्यांपैकी सर्वांत जलद आणि सर्वांत संथ लॅपमध्ये किती अंतर आहे ते पाहावे. दोन-अडीच सेकंदांचा फरक निघाला, तर आपली गाडी कमी पडत नसून आपण प्रत्येक लॅपला वेगळीच गाडी चालवत आहोत, असा त्याचा अर्थ होतो. आणि अशा स्थितीत रीमॅपिंगमुळे एखादा सेकंद वाचला तरी तो गाडीने वाचवला की योगायोगाने, हे आपल्याला कळणार नाही. हा फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला की मग सुधारणेविषयी बोलण्यात अर्थ आहे.

आपण पत्रात पुढे लिहिले आहे की वेळ कमी करण्यासाठी आपण सध्या ‘ब्रेक जितका उशिरा मारता येईल तितका’ मारण्याचा प्रयत्न करत आहात. नवख्यांचा हा सर्वांत आवडता उपाय आहे, म्हणून त्याचा हिशेब एकदा कागदावर करून पाहू. समजा, सरळ रस्त्यावर आपला वेग ताशी 150 किलोमीटर आहे आणि वळणात तो 70 वर आणायचा आहे. आपण ब्रेक दहा मीटर पुढे नेला, म्हणजे दहा मीटर अंतर 70 ऐवजी 150 च्या वेगाने कापले. हे अंतर 70 च्या वेगाने कापायला साधारण 0.51 सेकंद लागतात आणि 150 च्या वेगाने 0.24. सर्व काही जुळून आले, तर फायदा पाव सेकंदाहून किंचित अधिक, इतकाच.

आता दुसरी बाजू पाहू. उशिरा ब्रेक मारल्यामुळे गाडी वळणात थोडी अस्थिर शिरली, आपण क्षणभर बिचकलो आणि बाहेर पडताना ॲक्सिलरेटर अर्धा सेकंद उशिरा दाबला. पुढच्या सरळ रस्त्यावर गाडी पुन्हा 150 पर्यंत जाणार असेल, तर या अर्ध्या सेकंदाच्या दिरंगाईची किंमतही पाव सेकंदाहून किंचित अधिकच भरते. म्हणजे जे मिळवले ते तेथेच गेले. वळणाची रेषा चुकली असेल तर पदरचे आणखी घालावे लागले. शिवाय दहा मीटर पुढे ब्रेक मारायला छाती लागते. अर्धा सेकंद आधी ॲक्सिलरेटर दाबायला मात्र केवळ आधीचे काम नीट झालेले असावे लागते. माझ्या अनुभवात एकाच लॅप टाइमवर अडकलेल्या बहुतेक मंडळींचा वेळ वळणात शिरताना वाया जात नाही, तो वळणातून निघताना वाया जातो, आणि निघणे बिघडते ते शिरण्याच्या घाईमुळे.

म्हणून पुढच्या खेपेस एक प्रयोग करावा. ज्या वळणानंतर सर्वांत लांब सरळ रस्ता येतो, ते एकच वळण निवडावे. तेथे नेहमीपेक्षा दहा-पंधरा मीटर आधी ब्रेक मारावा, गाडी शांत करून आत न्यावी आणि एकदा दाबलेला ॲक्सिलरेटर पुन्हा सोडावा लागणार नाही, असा क्षण शोधावा. दाबून मग सोडावा लागला तर तो लवकर दाबला गेला, असे समजावे. सरळ रस्त्याच्या शेवटी एखादी ठळक खूण ठरवून तेथे गाडीचा वेग किती होता एवढेच लक्षात ठेवावे. फोनमधील जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच नोंद घेतो आणि ताशी 100 च्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ 28 मीटर पुढे गेलेली असते, त्यामुळे फोनवरच्या आकड्यांतील दशांशांसाठी जीव टाकू नये. सेकंदाला दहा नोंदी घेणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो. माझ्या मते मोठ्या एक्झॉस्टपेक्षा तो कितीतरी उपयोगी आहे.

जाता जाता एक गोष्ट. आपण ज्या ट्रॅकवर जाता तो एस. करिवर्धन यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी मारुतीच्या लहान इंजिनावर ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त एकआसनी रेसिंग गाडी उभी केली. पुढे 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन यांनीही सुरुवातीच्या काळात तीच गाडी चालवली. ज्या गाडीत ताकद कमी असते तिच्यात वळणात गमावलेला वेग परत मिळवायला फार वेळ लागतो, आणि त्यामुळे चूक लपत नाही. आपल्या टर्बो इंजिनात ती आत्ताच लपते आहे. ताकद वाढवली तर अधिक लपेल.

प्रश्न: वळणात ‘बाहेरून आत, आतून बाहेर’ जायचे असते हे मला माहीत आहे. मी आतली कडा बरोबर पकडतो, पण बाहेर पडताना रस्ता संपतो आणि घाबरून ॲक्सिलरेटर सोडावा लागतो. गेल्या वेळी असे करताना गाडीची मागची बाजू घसरली. (एक वाचक, पनवेल)

आपण आतली कडा बरोबर पकडत नाही, लवकर पकडता. वळणाच्या आतल्या कडेला गाडी जेथे सर्वांत जवळ येते, त्या बिंदूला एपेक्स म्हणतात. तो बिंदू वळणाच्या मध्याच्या आधीच गाठला, तर गाडीचे तोंड अजून बाहेरच्या दिशेला असते आणि उरलेले वळण तिला कमी जागेत पुरे करावे लागते. रस्ता संपतो तो यामुळे. आत शिरताना हे सगळे फार छान वाटते, आणि फसगत होते ती त्यामुळेच.

बाहेरून आत जाण्यामागचे कारण लक्षात घ्यावे. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरली की गाडीच्या वाटेची त्रिज्या वाढते आणि त्रिज्या वाढली की तेवढ्याच पकडीत अधिक वेग पेलतो. चांगल्या रस्त्याच्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड (घर्षणाचा गुणांक) 0.9 धरली, तर 50 मीटर त्रिज्येच्या वाटेवर ताशी सुमारे 76 किलोमीटरचा वेग टिकतो. तीच वाट 60 मीटर त्रिज्येची केली, तर तो सुमारे 83 होतो. रुपयाही खर्च न करता सात किलोमीटर मिळाले. मात्र वाट एकसारखी वळली पाहिजे. आपण सुरुवातीला सौम्य आणि शेवटी तीव्र वळता, म्हणून त्या शेवटच्या तुकड्यात त्रिज्या घटते आणि पकड अपुरी पडते.

उपाय असा की स्टेअरिंग वळवायला आपल्याला जेथे सुरुवात करावीशी वाटते, त्याच्या थोडे पुढे जाऊन सुरुवात करावी आणि एपेक्स मध्याच्या किंचित पलीकडे ठेवावा. पहिल्या काही लॅपमध्ये फार उशीर झाल्यासारखे वाटेल, वाटू द्यावे. बाहेर पडताना कडेला एक-दीड मीटर रस्ता उरला, तर पुढच्या लॅपला एपेक्स थोडा अलीकडे आणता येतो. उलट दिशेने शिकायला गेल्यास गाडी मातीत जाते.

मागची बाजू का घसरली, हेही समजून घ्यायला हवे. वळणात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर जातो, मागची चाके हलकी होतात आणि त्यांची पकड सुटते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या आपल्या साध्या गाड्यांमध्ये हे सर्रास घडते. मी स्वतः पहिल्याच ट्रॅक डेला याच चुकीमुळे गाडी गर्रकन फिरवून उलट्या दिशेला तोंड करून उभा होतो, आणि मार्शलने (ट्रॅकवर देखरेख करणाऱ्याने) परत निघायची खूण करेपर्यंतचा तो मिनिट मला फार लांब वाटला. रस्ता संपतोय असे वाटले तर ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल करावा, उचलू नये, आणि नजर बाहेरच्या कडेवर न ठेवता पुढच्या रस्त्यावर न्यावी.

प्रश्न: माझे प्रशिक्षक प्रत्येक वळणात ‘नजर वर, नजर वर’ असे ओरडतात. मी रस्त्याकडेच पाहत असते. मग त्यांना नेमके काय हवे आहे? (एक वाचक, विलेपार्ले)

आपण संध्याकाळी सहा वाजता दादरच्या पुलावरून चालत गेला असाल, तर हे कौशल्य आपल्यापाशी आहे. त्या गर्दीत आपण समोरच्या माणसाच्या पाठीकडे पाहत नाही. त्याच्या पलीकडे, दोन-तीन माणसांनंतर कोठे फट पडणार आहे तिकडे पाहतो आणि पाय आपोआप तिकडे वळतात. जो समोरच्याच्या पाठीकडे पाहतो, तो धक्के खातो. प्रशिक्षकांना हेच हवे आहे.

ब्रेक मारायची खूण दिसली की नजर लगेच वळणाच्या एपेक्सकडे जावी. गाडी एपेक्सकडे निघाली की नजर तेथून उठून बाहेर पडण्याच्या जागेकडे जावी. गाडी जेथे आहे तेथे नजर ठेवून उपयोग नसतो, कारण त्या जागेबद्दल आता काहीही करता येत नाही. वळण तीव्र असेल तर समोरच्या काचेतून पाहणे पुरत नाही. मान वळवून बाजूच्या खिडकीतून पाहावे लागते. बहुतेकांना तेच विचित्र वाटते. नजर जवळ असली की हात सतत बारीक दुरुस्त्या करत राहतात, आणि स्टेअरिंगची प्रत्येक दुरुस्ती टायरच्या पकडीतून वजा होते. आपल्या हातांवर रोखलेला कॅमेरा लावून एक सत्र चित्रित करावे. एका वळणात स्टेअरिंग चार-पाच वेळा हलताना दिसले, तर दोष हातांचा नसून डोळ्यांचा आहे.

प्रश्न: मुंबईकरांना सरावासाठी ट्रॅक नाही. दर महिन्याला चेन्नई-कोइंबतूर परवडत नाही. रात्री दोननंतर अटल सेतू किंवा द्रुतगती मार्ग मोकळा असतो. तेथे थोडा सराव करण्यात गैर काय? (एक वाचक, डोंबिवली)

ते बेकायदा आहे, आणि रस्त्यावर बिघडलेला ट्रक उभा असेल किंवा कोणी पायी जात असेल, याची शक्यता रात्री दोनलाही असते. अटल सेतूवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी 100 किलोमीटर आहे. शिवाय तेथे शिकण्यासारखे काही नाही. सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबून ठेवण्याला कौशल्य म्हणत नाहीत.

शिकायचेच असेल तर भाड्याच्या गो-कार्टवर जावे. बहुतेक भाड्याच्या कार्टचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात, मागची दोन्ही चाके एकाच सलग दांड्यावर बसवलेली असतात आणि इंजिन लहान असते. त्यामुळे ती आडवी घसरवली की वेग मरतो आणि लवकर परत येत नाही. ज्यांना वाटते की घसरण म्हणजे वेग, त्यांचा भ्रम दहा मिनिटांत उतरतो. दहा लॅपच्या छापील पट्टीवर प्रत्येक लॅपची वेळ दिलेली असते. मुलुंडच्या वाचकांना सांगितलेली वही येथूनच सुरू करता येईल. आणि रोजच्या रस्त्यावर कायद्याच्या मर्यादेत एक गोष्ट नक्की करता येते. मागच्या सीटवर आजी बसली आहे असे समजून ब्रेक असा सोडावा की गाडी थांबताना तिची मान पुढे झुकू नये. ब्रेक मारणे सगळेच शिकतात, पण तो हळूहळू सोडायला फार थोडे शिकतात. आणि वळणात शिरताना उपयोगी पडतो तो सोडणारा पाय.

प्रश्न: चौथ्या लॅपला ब्रेकचे पेडल स्पंजासारखे मऊ होऊन खाली गेले. अर्ध्या तासाने सगळे पूर्ववत झाले. गॅरेजवाल्याने तपासून ‘ब्रेक उत्तम आहेत’ असे सांगितले. मग काय झाले होते? (एक वाचक, ठाणे)

गॅरेजवाला खोटे बोलला नाही. त्याने गार ब्रेक तपासले. अकराशे किलोची गाडी ताशी 150 वरून 70 वर आणताना ब्रेकमध्ये जी ऊर्जा जाते, तिच्यावर मुंबईच्या नळाचे दोन लिटरहून अधिक पाणी उकळायला लागेल. आणि ही ऊर्जा साधारण तीन सेकंदांत, दर लॅपला अनेकदा, चार चाकांच्या लोखंडात जिरवायची असते. रस्त्यावर ब्रेकला निवायला वेळ मिळतो, ट्रॅकवर तो मिळत नाही.

पेडल मऊ होऊन खाली गेले, याचा अर्थ बहुतांशी ब्रेक ऑइल उकळले. द्रव दाबला जात नाही, पण त्यात वाफेचे बुडबुडे झाले की ते दाबले जातात आणि पायाचे बळ तेथेच संपते. पेडल कडक राहिले असते आणि तरीही गाडी थांबली नसती, तर दोष तापलेल्या पॅडचा मानला असता. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा वाढला की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. मानकानुसार डॉट 3 या प्रतीचे ऑइल नवे असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, पण ओलावा शोषल्यानंतर ही मर्यादा 140 वर येते. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. ठाण्या-मुंबईच्या दमट हवेत ऑइल दोन-तीन वर्षे बदलले नसेल, तर पुढचे सांगायला नको.

ट्रॅकवर जाण्यापूर्वी बंद डब्यातील ताजे डॉट 4 घालून घ्यावे आणि चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढून घ्यावी. डॉट 5 नावाचे सिलिकॉनचे ऑइल वेगळ्या जातीचे आहे. ते यात मिसळू नये. पॅड निम्म्याहून अधिक झिजलेले असतील तर बदलावेत. दर तीन-चार जलद लॅपनंतर एक लॅप ब्रेक जवळपास न वापरता संथ काढावी. सत्र संपवून पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या गाड्या थांबवायच्या जागेत) आल्यावर हँडब्रेक ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला उटी (दगड किंवा ठोकळा) लावावी. आणि पेडल पुन्हा कधी मऊ लागले, तर ‘एवढी एक लॅप’ न करता आत यावे.

प्रश्न: टायरमध्ये हवा किती ठेवावी? (एक वाचक, गिरगाव)

सुरुवात दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेल्या आकड्याने करावी, आणि तो आकडा गार टायरचा आहे हे विसरू नये. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण 1 पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढतो, त्यामुळे सत्रानंतर तो पाच-सात पीएसआय चढलेला आढळणे स्वाभाविक आहे. गाडी आत आल्याबरोबर, टायर निवण्याच्या आत, चारही चाके मोजून वहीत लिहावीत आणि वाढलेला दाब दोन-दोन पीएसआयने उतरवत गाडीच्या वागणुकीत काय बदल झाला ते पाहावे. घरी परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरून घ्यावी; ही गोष्ट विसरून मुंबईचा रस्ता धरणारे मी पाहिले आहेत.

प्रश्न: माझा बावीस वर्षांचा मुलगा आमची घरातली एकमेव गाडी ट्रॅकवर न्यायचे म्हणतो. ‘विमा आहे, काळजी करू नका’ असे तो सांगतो. हे खरे आहे का? (एक पालक, बोरिवली)

विमा आहे, पण यासाठी नाही. आपल्याकडील मोटार विम्याच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यती आणि वेगचाचणी हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असा युक्तिवाद करता येईल, पण दाव्याच्या वेळी तो ऐकून घेतला जाईल या भरवशावर घरातली एकमेव गाडी पाठवू नये. ट्रॅकवर झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरायचे आहे, असे धरूनच हिशेब करावा. मुलाला थेट नाही म्हणण्यापेक्षा, आयोजकांची गाडी भाड्याने मिळते का आणि तिच्या नुकसानीची अट काय आहे, हे त्यालाच विचारून यायला सांगावे.

सुरक्षिततेपुरते बोलायचे तर, चांगल्या ट्रॅक डेमध्ये सर्वांना एकाच दिशेने जायचे असते, समोरून कोणी येत नाही आणि पुढे जाण्याची परवानगी ठरलेल्या जागीच, पुढच्या चालकाने हाताने खूण केल्यावर मिळते. मुलाने सकाळची झेंड्यांची माहिती नीट ऐकली पाहिजे. पिवळा झेंडा दिसला तर पुढे धोका आहे, वेग कमी करायचा आणि कोणालाही मागे टाकायचे नाही. लाल दिसला तर सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये परतायचे. ती बैठक चुकवून उशिरा पोहोचणाऱ्यांना ट्रॅकवर सोडणारा आयोजक असेल, तर मुलाला तेथे पाठवू नये.

प्रश्न: दसऱ्यानंतर पाऊस संपतो म्हणून आम्ही चौघांनी नोव्हेंबरमध्ये चेन्नईचा ट्रॅक डे ठरवला. आता तेथे पावसाचा अंदाज आहे. रद्द करावा का? (एक वाचक, कुर्ला)

आपण मुंबईचे पंचांग चेन्नईला लावलेत. तेथला मुख्य पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातला असतो. श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा 3.717 किलोमीटरचा ट्रॅक त्या दिवसांत भिजलेला मिळाला, तर नवल नाही.

आयोजक ट्रॅक बंद करत नसतील आणि आपल्या टायरची नक्षी शाबूत असेल, तर मी जाईन. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाल्यामुळे कोरड्यात ज्या चुका मोठ्या वेगाला उघड होतात, त्या येथे कमी वेगातच समोर येतात. ब्रेकची खूण बरीच अलीकडे आणावी आणि एका वेळी एकच काम करावे: आधी सरळ रेषेत ब्रेक पूर्ण करावा, मग वळावे, मग ॲक्सिलरेटर द्यावा. कोरड्या दिवसांत सगळे ज्या रेषेवरून जातात, तेथे टायरचे रबर बसून रस्ता गुळगुळीत झालेला असतो आणि पावसात तोच भाग सर्वांत निसरडा होतो. म्हणून वळणात त्या रेषेच्या बाहेर, खरखरीत डांबरावर पकड शोधावी. कडेच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर चाक घालू नये. साचलेले पाणी दिसले तर वेग आधीच उतरवून त्यावरून चाके सरळ ठेवून जावे.

बरोबर एक जुना टॉवेल न्यावा. पिटमधून गाडीत बसताना बुटांचे तळ त्यावर पुसून घ्यावेत, कारण ओल्या बुटाने ब्रेकचे पेडल निसटते.